येळवशीच्या शेतात हॉट डॉग

आयुष्यात मी एकदाच बढाई मारली, आणि ती हॉट डॉगवरून मारली.

बढाई मारणं हे माझं काम नव्हे. अणदूरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून उभी हयात घालवली. तिथं माझ्या तोंडून सगळ्यांत जास्त वेळा निघालेलं वाक्य म्हणजे "हळू बोला". लोक हळू बोलले. मी तर बोलायचंच सोडून दिलं. निवृत्त झालो तेव्हा सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिलो आणि "सर्वांचे आभार" एवढं म्हणून खाली बसलो. लोकांना ते फार आवडलं. जेवण लवकर सुरू झालं.

तर अशा माणसाला सून आली. तिचं नाव आरोही, राहणार पुणे. मुलगी गुणी, पण स्वभावानं अगदी माझ्यासारखी. दोन अबोल माणसं समोरासमोर बसली की काय होतं, ते माझ्या मुलाच्या, विरेशच्या, लग्नापासून आमच्या घरात चाललं होतं. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्या. ती म्हणायची, "मामा, बरे आहात ना?" मी म्हणायचो, "हो." मग आम्ही दोघंही पंख्याकडं बघायचो. पंखा बंद असला तरी बघायचो.

तिच्याशी चार वाक्यं नीट बोलता यावीत एवढी माझी इच्छा होती. सासरा होणं मी पुस्तकात वाचून शिकलो असतो, पण त्या विषयावरचं पुस्तक आमच्या वाचनालयात नव्हतं.

मार्गशीर्षात एके संध्याकाळी विरेशचा फोन आला आणि त्यानं न विचारता तो आरोहीच्या हातात दिला.

"मामा, बरे आहात ना?"

"हो." पंखा दुसऱ्या खोलीत होता. मी घाबरून विचारलं, "कुठं आहात?"

"बाहेर आलोय. हॉट डॉग खायला."

आता पुढं काय बोलायचं? आणि माझ्या तोंडून, कसं कुणास ठाऊक, निघालं, "त्यात काय! मी करतो की. येळवशीला या, शेतात खाऊ घालतो. असा हॉट डॉग पुण्यात मिळायचा नाही."

मग आरोही म्हणाली, "खरंच, मामा? मग येतोच आम्ही."

दोन वर्षांत तिनं माझ्याशी बोललेलं हे सगळ्यांत मोठं वाक्य. मी फोन ठेवला आणि तसाच उभा राहिलो. हॉट डॉग मी खाल्ला नव्हता. पाहिलाही नव्हता. फक्त वाचला होता.

(नावावर जाऊ नका. त्या नावावर गावात जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन गेलेत. त्यातले बरेचसे माझ्यासमोरच झाले.)

येळवस म्हणजे आमच्या भागातली वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव घराला कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, उभारायची, तिच्यात पाच दगड मांडून, चुना लावून त्यांना पांडव म्हणायचं, आणि त्यांना नैवेद्य दाखवायचा. नैवेद्याला बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोल उंडे, सगळ्या शेंगांची आणि पाल्याची दाट भज्जी, आणि डेऱ्यात आंबील. त्या दिवशीचे दोन नियम कुणी मोडत नाही. नैवेद्य दाखवण्याआधी काही चाखायचं नाही, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय सोडायचं नाही. हे दोन्ही नियम पुढं माझ्या मुळावर आले.

मी अभ्यासाला लागलो. मूळ हॉट डॉगमध्ये जे असतं ते आमच्या उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं, गळ्यात इष्टलिंग बांधलेल्या माणसानं त्याचा विचारही करू नये. म्हणून मी राजमा, बटाटा, सोयाबीन आणि पावाचा चुरा असं मिश्रण ठरवलं. त्यात लसूण, मिरी आणि जिऱ्याची पूड. बोटभर लांब वळकट्या करायच्या आणि वाफवायच्या. वरून घालायला मात्र मी आमचाच माल निवडला. शेंगदाण्याची चटणी दह्यात फेटलेली, कारळाची चटणी, कुरकुरीत तळलेला कांदा, ओल्या हरभऱ्याचे सोलाणे आणि चिंचगुळाचा आटवलेला पाक. खरं सांगतो, यादी करतानाच तोंडाला पाणी सुटलं. पण लगेच वाटलं, आपल्या तोंडाला सुटलेल्या पाण्यावर कितपत विसंबावं?

राहिला बन. हॉट डॉगचा जीव बनमध्ये असतो असं मी वाचलं होतं. म्हणून स्टँडजवळच्या बलभीमच्या बेकरीत गेलो. बलभीमची भट्टी अजून लाकडावर चालते आणि तोंड कशावर चालतं ते कुणालाच माहीत नाही.

"लांब बन पाहिजेत," मी हळू आवाजात म्हणालो.

"लांब म्हंजी केवढं, सर?"

मी दोन तळव्यांत वीतभर अंतर धरून दाखवलं.

"एवढंच? कुणासाठी हाय?"

"सूनबाई येतीय. पुण्याहून."

"पुण्याहून? आन एवढासा बन? सर, काय म्हणंल ती पोरगी?" त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि थोडे लांब केले. "एवढं करू?"

मला नाही म्हणता येत नाही. "चालेल," मी म्हणालो.

"चालंल म्हंजी पसंत न्हाय." त्यानं आणखी लांब केले. "एवढं?"

"बास, बास."

"बास म्हणताय ते लाजून. मला कळतंय की." आणि त्यानं माझे हात पार ताणले. "वरनं तीळ, आतनं लोणी. तुमी काळजीच सोडा. पर सर, ह्यात घालणार काय?"

"हॉट डॉग," एवढंच मी सांगितलं. सांगायला नको होतं.

येळवशीच्या आदल्या दुपारी गंगम्मा, म्हणजे आमची मंडळी, शेजारच्या कस्तुराबाईला घेऊन शेतात पाला खुडायला गेली. कस्तुराबाई दरवर्षी आमच्याकडं उंडे वळायला येते. घर रिकामं झालं आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. गंगम्माला मी फक्त चटण्यांचं सांगितलं होतं. वळकट्यांचं सांगितलंच नाही. बिघडल्या तर गुपचूप गायीला घालता याव्यात हा हेतू.

पण बिघडल्या नाहीत. निदान दिसायला तरी नाहीत. वाफवून काढल्या तेव्हा एकसारख्या, तुकतुकीत, तपकिरी. मी त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिलो. माझ्या हातून एवढी सरळ रेषा कधी निघाली नव्हती, शाळेतसुद्धा. दुरडीत ठेवल्या, पांढरं फडकं झाकलं, मांजराला लागू नयेत म्हणून वरच्या फळीवर ठेवल्या आणि बन आणायला निघालो.

बेकरीत पोहोचलो आणि बन पाहिले. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाची तरी लहान मुलं दुपट्यात निजवलीत. एकेक बन माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत! पण बन सुरेख होते, ते कबूल केलं पाहिजे. वरून सोनेरी, तीळ पेरलेले, दाबलं तर हळूच खाली बसावेत आणि सोडलं तर पुन्हा वर यावेत. लाकडाच्या धुराचा किंचित वास. माझी बोटभर वळकटी त्यात म्हणजे मोठ्या पलंगावर एकटा निजलेला पाहुणा.

"कसं काय, सर?"

"सुंदर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"गावात समद्यास्नी सांगून ठिवलंय. सरांच्या शेतात यंदा इंग्लिश जेवान म्हणून."

"समद्यास्नी म्हणजे?"

"जे जे पाव न्यायला आलं ते ते," बलभीम अभिमानानं म्हणाला. "म्याबी येतोय."

मी बन घेऊन घरी आलो तोवर दिवे लागले होते. स्वयंपाकघरातलं काम आटोपलं होतं. फळीवर दुरडी होती, तिच्यावर पांढरं फडकं होतं. उघडून बघावंसं वाटलं. पण बिघडलं असेल तर आजच कळेल, त्यापेक्षा उद्या कळलेलं बरं, असा विचार करून मी झोपायला गेलो. आयुष्यातले माझे बरेचसे निर्णय असेच झालेत.

मधल्या वेळात काय घडलं होतं ते मला मागाहून तुकड्यातुकड्यांनी कळलं. तेही सांगतो, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे अंधारात राहणार नाही.

गंगम्मा आणि कस्तुराबाई शेतातून आल्या आणि उंडे वळायला बसल्या. गंगम्मा पाणी आणायला उठली. परत येताना तिनं फळीवरची दुरडी पाहिली, फडकं उचललं आणि थबकली. आत लांबलचक उंडे. तिला वाटलं, आपली पाठ वळताच कस्तुराबाईनं हा एक घाणा उरकला. कस्तुराबाईचं माहेर बेंबळी. "बेंबळीकडं असंच लांबट करत असतील," असं गंगम्मानं मनात म्हटलं. पण दरवर्षी हौसेनं येणाऱ्या बाईला तोंडावर कसं बोलायचं? म्हणून ती चहा करायच्या निमित्तानं कस्तुराबाईला ओसरीवर घेऊन गेली, चहा तिच्या हातात दिला, एकटीच आत आली, आणि माझ्या सगळ्या वळकट्या मोडून, पाण्याचा हात लावून, छान गोल गोल वळून टाकल्या. वास वेगळा आला तिला. लसणाचा. "उंड्यात लसूण! बेंबळीची तऱ्हाच निराळी," एवढंच तिनं मनाशी म्हटलं. चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. नैवेद्याचं कोण चाखतं?

मग तिनं ते सगळे आपल्या बाजरीच्या उंड्यांत मिसळले, कस्तुराबाईचे वेगळे दिसू नयेत म्हणून. बाजरीचा रंग आणि राजम्याचा रंग यांच्यात सख्ख्या भावंडांइतकाच फरक. कस्तुराबाई चहा पिऊन आत आली, ढीग एकदम वाढलेला दिसला, तिनं एक उंडा हुंगला. गंगम्माचं माहेर कर्नाटकाकडचं. "कानडी मुलखात लसूण घालत असतील," असं म्हणून तीही गप्प बसली. दोघींनी एकमेकींना इतकं सांभाळून घेतलं की मध्ये मी चिरडलो.

येळवशीच्या सकाळी विरेश आणि आरोही आले. आम्ही शेतात गेलो. हरभरा घाट्यांवर आला होता, ज्वारी कमरेच्या वर गेली होती. आरोहीनं कोपीत वाकून पांडवांकडं पाहिलं आणि मला विचारलं, "मामा, हे पाच दगड दरवर्षी नवीन घेतात का?"

प्रश्न सोपा होता, उत्तर मला येत होतं. पण माझं सगळं लक्ष दुरडीत. "हो," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं कोपीच्या छताकडं बघू लागलो.

पूजा झाली. गंगम्मानं प्रत्येक पांडवापुढं एकेक उंडा, त्यावर भज्जी, असा नैवेद्य ठेवला. आता माझी वेळ. मी बांधावर चादर अंथरली, वाट्यांतून चटण्या मांडल्या, बन मधोमध चिरून ठेवले. तोवर रस्त्यावर माणसं दिसायला लागली.

"या, या, जेवायला या," गंगम्मानं रीतीप्रमाणं हाक मारली.

ती माणसं हाकेची वाटच बघत होती. बलभीम आला. शेजारच्या शेतातला रेवणप्पा आपली स्वतःची येळवस सोडून, सगळं बिऱ्हाड घेऊन आला. बेकरीत पाव न्यायला आलेलं प्रत्येक घर आलं. लोक बांधावर ओळीनं बसले. मला निवृत्तीचा सत्कार आठवला.

मी दुरडीवरचं फडकं उचललं.

आत गोल उंडे होते. मी ते बाजूला सारून खाली बघितलं. खालीही गोल. तळाशीही गोल. मी दुसरी दुरडी पाहिली. भज्जीच्या पातेल्यात डावानं ढवळून पाहिलं. शेवटी आंबिलीच्या डेऱ्यात वाकलो.

"काय हुडकताय वो?" गंगम्मानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "त्या... लांब लांब..."

"ते व्हय?" तिनं आवाज एकदम खाली आणला आणि कस्तुराबाईकडं डोळ्यानं खुणावलं. "म्या गोल केले. बोलू नगा. तिला वाईट वाटंल."

मी कस्तुराबाईकडं बघितलं. तिला का वाईट वाटेल हे मला कळेना. पण गोल केले एवढं कळलं. बाजरीचे कुठले, माझे कुठले, काही ओळखू येत नव्हतं. पाच तर पांडवांपुढं गेले होते. त्यांत माझे असतील, तर हॉट डॉग खाणारे ते पहिलेच पांडव.

"सर," रेवणप्पानं बन हातात धरून, दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून विचारलं, "पाळणा तर झ्याक हाय. बाळ कुठाय?"

बांधावर हशा पिकला. "रेवणप्पा, गप," बलभीम म्हणाला, "इंग्लिश जेवनात आधी बनच बघायचा आसतो."

"बघून झाला की. आता पोटाला काय, उपास?"

विरेश माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "अप्पा, सॉसेज कुठंय?"

मी एक रिकामा बन उचलला. आरोही माझ्याकडं बघत होती. ज्या पोरीशी चार वाक्यं बोलायची म्हणून हा सगळा घाट घातला, तिच्यापुढं मी रिकामा बन धरून उभा होतो. मनात आलं, वाचनालयात परत जावं, कुलूप लावावं आणि कुणी आलं तर आतून म्हणावं, हळू बोला.

तेवढ्यात आरोही उठली. तिनं माझ्या हातातला बन घेतला, दुरडीतले उंडे उचलले आणि बनमध्ये एका ओळीत बसवले. तो हातभर बन, त्यात ओळीनं गोल उंडे. हुबेहूब शेंगेतले दाणे. एकही इकडचा तिकडं सरकला नाही. बलभीमच्या त्या अवाढव्य बनाला पहिल्यांदाच काही अर्थ आला.

"असं बसतंय की, मामा," ती म्हणाली. "वरून काय काय घालायचं?"

मी वाट्या पुढं केल्या. दह्यातली चटणी, कारळं, तळलेला कांदा, हिरवे सोलाणे, वरून चिंचगुळाची धार. शेवटी गंगम्मानं कुणी न सांगता भज्जीचा एक डाव त्यावर ओतला.

"भज्जीबिगर उंडा कोरडा लागतोय," ती म्हणाली. "तुमचं इंग्लिश कायबी आसू दे."

रेवणप्पानं पहिला घास घेतला. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं चावलं, थांबला, पुन्हा चावलं.

"बन लई मऊ हाय," तो म्हणाला. बलभीमनं छाती फुगवली. "उंडा म्हंजी उंडाच." माझी मान खाली गेली. त्यानं दुसरा घास घेतला आणि त्याचे डोळे मोठे झाले. "आरं! ह्यो दुसरा निराळाच हाय की! गंगम्माबाई, काय घातलंय ह्यात?"

मग जो तो दुसरा घास घेऊन बघायला लागला. कुणाला बाजरी लागली, कुणाला लसूण. "मला साधाच आला, तुझा दाव," अशी देवाणघेवाण सुरू झाली. लोक बन उघडून हुंगून बघू लागले. ज्याला लसणाचा लागे तो ओरडून सांगे, आणि बाकीचे त्याच्याकडं हेव्यानं बघत. कोथिंबीर, कांद्याची पात, कुणी कुणी हरभऱ्याचा कोवळा पालासुद्धा खुडून बनमध्ये घातला. बन संपले, तेव्हा माणसं नुसते उंडे मागायला लागली.

"गंगम्मा, यंदाचे उंडे म्हंजी कमाल," सगळे म्हणत होते.

गंगम्मा लाजत होती आणि कस्तुराबाईकडं बोट दाखवत होती. "मी न्हाय, ही. बेंबळीची तऱ्हा हाय."

"मी कुठली," कस्तुराबाई म्हणत होती. "ही तर कानडी तऱ्हा. गंगम्माचीच."

मी तिथंच उभा होतो. पुढं होऊन सांगावं असं वाटत होतं. पण एवढ्या लोकांसमोर? शिवाय मनात शंका, ते उंडे खरंच माझेच होते कशावरून?

ऊन उतरलं. माणसं पांगली. विरेश डेरा उचलायला गेला. आरोही बांधावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"मामा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही."

"मी हॉट डॉग खातच नाही. मला पाव सोसत नाही. ते विरेशला आवडतं, मी नुसती सोबत जाते. पण त्या दिवशी तुम्ही फोनवर एवढं मोठं वाक्य बोललात, पहिल्यांदाच. मग मला नाही म्हणता येईना."

मी तिच्याकडं बघितलं. अगदी माझ्यासारखी, हे मी म्हटलंच होतं.

"मग आज काय खाल्लंस?"

"उंडे. नुसते. ते लसणाचे वेचून वेचून खाल्ले. मामा, ते कसे करतात हो? आत्या म्हणतात कस्तुराबाईंना विचार, कस्तुराबाई म्हणतात आत्यांना विचार. नक्की केले कुणी?"

हीच ती वेळ. कुणी आसपास नव्हतं. मी घसा साफ केला, आणि पुन्हा कधी बोलणार नाही अशा आवाजात म्हणालो, "मी केले. राजमा, बटाटा, सोयाबीन. मी एकट्यानं. वाफवून."

आरोहीनं माझ्याकडं बघितलं. तिचे ओठ हलले. आणि ती जी हसत सुटली, ती पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मामा, तुम्ही पण ना!" ती म्हणाली. "चेहरा किती सरळ ठेवता! मला वाटायचं तुम्ही माझ्यावर नाराज आहात. तुम्ही तर केवढे विनोदी आहात!"

ती उठून धावत गेली आणि गंगम्माला सांगितलं. गंगम्मा हसली. कस्तुराबाई पदर तोंडाला लावून हसली. विरेशच्या हातातला डेरा पडता पडता राहिला. "अप्पा आणि स्वयंपाक!" माझ्या आयुष्यात माझ्या बोलण्यावर एवढं कुणी हसलं नव्हतं. मीही मग थोडं हसलो. सगळे हसत असताना आपण एकट्यानंच खरं धरून बसावं, हे बरं दिसत नाही.

तेव्हापासून दर रविवारी आरोहीचा फोन येतो, न चुकता, आणि थेट मला. पंख्याकडं बघायची वेळच येत नाही. ती विचारते, "मामा, आज काय केलं स्वयंपाकाला?" आणि माझं उत्तर येण्याआधीच हसायला लागते.

मी म्हणतो, "पिठलं."

ती आणखी हसते. मी हातातला डाव खाली ठेवतो, गॅस बारीक करतो आणि तिचं हसणं संपायची वाट बघतो.

मागच्या रविवारी पिठलं थोडं खाली लागलं.